पूल आधी, शहर नंतर

आमच्या आजीच्या बोलण्यात उत्तर-दक्षिण नसायचं. तिचं सगळं हैदराबाद पुलाच्या अल्याड आणि पुलाच्या पल्याड एवढ्यात मावायचं. गौळीगुड्यातलं आमचं घर, सुलतान बाजारातली भांड्यांची दुकानं, आमच्या शाळा, मराठी पुस्तकांचं वाचनालय हे सगळं अल्याड. चारमिनार, लाडबाजारच्या बांगड्या, मोती, अत्तरं पल्याड. परभणीकडून लग्न होऊन ती इथं आली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि नव्या सुनेनं एकटीनं बाहेर पडायचं नाही असा घरचा दंडक होता. त्यामुळं हे शहर तिनं आधी ऐकून पाठ केलं आणि मग पाहिलं.

रोजच्या बोलण्यातला तिचा पूल म्हणजे नया पूल, घरापासून पायी जाण्यासारखा. पण कधी 'जुना पूल' म्हणाली की पुढं एक शब्द जोडायची. "जुना पूल, थोरला." घरातल्या थोरल्या जावेविषयी बोलावं तसं.

हा थोरला म्हणजे पुराना पूल. मुसी नदीवरचा, कुतुबशाहीतला, १५७८ सालचा. एका टोकाला कारवान आणि जियागुडा, दुसऱ्या टोकाला शहराची वेस आणि तिथून आत हुसैनी आलम, मग चारमिनार. सहाशे फूट लांब, पस्तीस फूट रुंद, नदीच्या तळापासून चोपन्न फूट उंच. वीसहून जास्त कमानी. चारमिनार बघायला आलेले पाहुणे इथवर येत नाहीत. आम्हीही कुणाला घेऊन येत नाही, कारण भाजीबाजार, चिखल, मुसीचा वास. मी मात्र गेली काही वर्षं वारंवार जाते आणि का जाते ते आज नीट लिहावं असं वाटलं.

मी पहिल्यांदा हा पूल नीट पाहिला तो मामांबरोबर. मामा सरकारी खात्यात ओव्हरसियर होते आणि सुट्टीत आमच्याकडे येत. मी तेव्हा चौथीत होते. रिक्षातून उतरून त्यांनी मला पुलावर नेलंच नाही. थेट बाजूच्या उतारानं खाली, जिथून कमानी समोर दिसतात तिथं नेलं. "पुलावरून पूल दिसत नसतो," म्हणाले. खालून तो फार मोठा वाटला. टोकदार माथ्याच्या कमानी एकीपलीकडे एक, आणि त्यांच्यामध्ये खांब इतके जाड की एकेका खांबात आमची स्वयंपाकखोली मावली असती. मामांनी खांबावर तळहात ठेवला आणि मला ठेवायला लावला. उन्हात दगड तापला होता. "आपल्याकडचा दगड काळा. हा बघ, गुलाबी आहे. आत चकाकतो." खरंच, जवळून बघितलं तर राखाडी-गुलाबी दगडात मिठाच्या खड्यासारखे कण चमकत होते. आमच्या मराठवाड्यातला दगड लाव्ह्याचा, बसाल्ट. हैदराबाद बसलंय ते ग्रॅनाइटवर, आणि तो पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी. दगडाच्या पाठीवर टाकीचे घाव अजून मोजता येत होते, तिरपे, एकासारखे एक. मी बोट फिरवत बसले. सांध्यातला चुना मळकट पांढरा होता आणि त्यात भाताच्या शितांएवढे खडे होते. मी एक उकरायला लागले तर मामांनी हातावर चापट मारली. लागली नाही, पण तशी चापट त्यांनी पुन्हा कधी मारल्याचं मला आठवत नाही.

घरी आल्यावर मी विचारलं की मधल्या कमानीचे दगड खाली का पडत नाहीत. वर तर काही धरून ठेवलेलं नाही.

मामांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सुताराकडून लाकडाच्या दहा-बारा पाचरी करून आणल्या, एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं अरुंद. दिवाणखान्यातला लोड उचलून जमिनीवर आडवा ठेवला. लोडाच्या एका टोकाशी आजीचा पाटा आणि दुसऱ्या टोकाशी जात्याची तळी लावली, दोन्ही घट्ट. मग लोडाच्या पाठीवरून पाचरी रचत गेले, दोन्हीकडून एकेक, वर सरकत. मधली शेवटची पाचर उरली ती माझ्या हातात दिली. "घाल. हळूच ठोक." मी वरवंट्यानं ठोकली. ती बसली तसा एक बारीक आवाज आला, जणू सगळ्या पाचरींनी एकदम श्वास आत घेतला. मामांनी लोड धरून संथपणे ओढून काढला. खाली काही नाही, आणि कमान उभी. आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं हात जोडले.

मग मामा म्हणाले, "आता पाटा थोडा सरकव." मी बोटभर सरकवला आणि सगळं कोसळलं.

"कमान खाली पडत नाही बाळ, ती बाजूला पळते. तिला पळू दिलं नाही की झालं."

इतक्या वर्षांत मी दगडी पुलांविषयी पुष्कळ वाचलं, पण याहून नेमकं वाक्य मला कुठं मिळालेलं नाही. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब आडवी शिळा दोन टोकांवर ठेवली तर मध्ये चिरते. तीच शिळा फोडून पाचरीच्या आकाराचे तुकडे केले आणि अर्धवर्तुळात लावले तर प्रत्येक तुकडा शेजारच्याला दाबतो आणि वरचं ओझं त्या दाबातून वाहत दोन्ही बाजूंच्या पायथ्यांशी जातं. जेवढं ओझं जास्त तेवढी पकड घट्ट. माथा टोकदार केला की बाजूचा रेटा आणखी कमी होतो आणि ओझं जास्त सरळ खाली उतरतं. दख्खनच्या सुलतानांच्या मशिदी, दरवाजे, मकबरे यांत जी टोकदार कमान दिसते तीच इथं नदीत उतरवली आहे. ओळीनं कमानी असल्या की एकीचा रेटा दुसरी परतवते. शेवटी रेटा उरतो तो दोन काठांशी, आणि काठ म्हणजे मामांचा पाटा.

त्या काळी लोडाचं काम लाकडाचा किंवा मातीदगडाचा साचा करी. नदी आटलेली असताना तो रचायचा, कमान चढवायची, चुना मुरू द्यायचा, मग साचा काढायचा. पावसाळ्यापूर्वी. चुना म्हणजे पोत्यातून आणला आणि ओतला असा नव्हे. भट्टीत भाजलेला, विझवलेला, चुन्याच्या घाण्यात बैलांनी तासन्‌तास मळलेला. असा चुना लगेच कडक होत नाही. वर्षानुवर्षं हवा पीत हळूहळू पुन्हा दगड होत जातो, आणि बांधकाम केसभर हललं तरी तडकत नाही. जाड खांबांची दुसरी बाजूही सांगायला हवी. इतके खांब नदीत उभे केले की पाण्याला वाट अरुंद होते, पूर आला की वरच्या अंगाला पाणी फुगतं. नदीच्या पात्रातला पूल हा नेहमी नदीला थोडा अडथळा असतो. बांधणाऱ्यांनी तो पत्करला आणि त्याची भरपाई वजनानं केली. हा पूल नदीला चुकवत नाही, तिच्यासमोर उभा राहतो.

आजीकडे मात्र पुलाची वेगळी गोष्ट होती आणि हैदराबादेत सगळ्यांकडे तीच आहे. गोवळकोंड्याचा शहजादा महंमद कुली पल्याडच्या चिचलम गावातल्या भागमतीवर जीव लावून बसला. एका पावसाळी रात्री मुसी दुथडी भरून वाहत असताना तिच्या भेटीसाठी त्यानं घोडा पुरात घातला. कसाबसा वाचला. बापाच्या, सुलतान इब्राहिमच्या, काळजाचं पाणी झालं. पोरगं ऐकणार नाही हे त्यानं ओळखलं आणि नदीवर पूल बांधून दिला. पुढं महंमद कुली गादीवर आला, त्यानं शहर वसवलं आणि तिच्या नावानं त्याला भागनगर म्हटलं. आजी ही गोष्ट सांगताना घोड्याच्या टापा गुडघ्यावर वाजवायची. "बाप असावा तर असा," हे तिचं शेवटचं वाक्य.

मी कॉलेजात गेल्यावर कधीतरी सनावळी लावून बघितली. महंमद कुलीचा जन्म १५६५-६६ च्या सुमारासचा. पूल १५७८ चा. म्हणजे पूल झाला तेव्हा शहजादा बारा-तेरा वर्षांचा पोर होता. बांधायला लागलेली वर्षं वजा केली तर त्याहूनही लहान. भागमती होती की नव्हती यावरच इतिहासकारांचं एकमत नाही. मला तेव्हा वाईट वाटलं. आजीला मी हे सांगितलं नाही, आणि ते बरंच केलं.

पण ही गोष्ट सोडून दिल्यावर मला जो माणूस सापडला, त्याच्यापुढे मला ती गोष्ट लहान वाटू लागली आहे. तो माणूस म्हणजे इब्राहिम कुली कुतुबशहा.

तरुणपणी भावाच्या, जमशीदच्या, भीतीनं हा गोवळकोंड्यातून पळाला आणि विजयनगरला रामरायाच्या आश्रयाला जाऊन राहिला. तिथं त्यानं सात वर्षं काढली. तिथं त्याला तेलुगूची गोडी लागली. पुढं तेलुगू कवींनी त्याला 'मल्किभराम' म्हणून आपलंसं केलं, त्याला काव्यं अर्पण केली. १५५० साली जमशीद गेल्यावर परत येऊन तो गादीवर बसला आणि १५६५ साली दख्खनच्या इतर सुलतानांबरोबर त्याच रामरायाविरुद्ध रणात उभा राहिला. त्या लढाईत रामराया मारला गेला आणि विजयनगर उजाड झालं. ज्या घरानं सात वर्षं जेवू घातलं ते बुडवण्यात त्याचा हात होता. मला याचं समर्थन करता येत नाही आणि करायचंही नाही. फक्त एवढं दिसतं की त्या महानगराची आठवण हा माणूस उरलेलं आयुष्य बरोबर घेऊन फिरला असणार. दगडी रस्ते, बाजारपेठा, तलाव, कालवे, हे सगळं त्यानं ऐन उमेदीत डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

त्याच्या कारकिर्दीत हुसेनसागर तलाव झाला, १५६२ च्या सुमारास. इब्राहिमपट्टणचा तलाव झाला. गोवळकोंड्याची तटबंदी बळकट झाली. आणि किल्ल्याच्या आत गर्दी मावेनाशी झाली. हिरे, कापड, कारागीर, सावकार, परदेशी व्यापारी सगळे त्या एका टेकडीभोवती. गोवळकोंड्याचा माल जायचा पूर्वेला मछलीपट्टणच्या बंदरावर आणि तिथून जहाजांनी जगभर. किल्ल्यातून निघालेल्या तांड्याला पहिला अडथळा लागायचा तो मुसीचा. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी उन्हाळ्यात गुडघाभर, पण पावसाळ्यात तिचा भरवसा नाही. बैल, उंट, गाड्या, माणसं काठावर खोळंबून राहायची. पूल झाला तो यासाठी. कारवान हे त्या काठाच्या वस्तीचं नावच सांगतं की इथं कोण थांबत होतं.

पल्याड तेव्हा काय होतं? चिचलमसारखी खेडी, शेतं, खडक, माळ. चारमिनार नाही, मक्का मशीद नाही, लाडबाजार नाही. चारमिनार १५९१ चा, म्हणजे पुलानंतर तेरा वर्षांनी. सहाशे फुटांचा दगडी पूल, आणि तो जिथं उतरतो तिथं शहर नाही! मी पहिल्यांदा हा हिशोब मांडला तेव्हा बराच वेळ वहीकडे बघत बसले होते. आपण समजतो की शहर वाढतं, नदीपलीकडे पसरतं, मग लोकांची सोय म्हणून पूल होतो. इथं पूल आधी झाला, शहर त्याच्यामागून आलं. पुलावरून उतरणारी वाट होती म्हणून तिच्यावर चौक झाला, चौक होता म्हणून चार मनोरे उभे राहिले.

इब्राहिमनं ते शहर पाहिलं नाही. पूल झाल्यावर दोन वर्षांनी, १५८० साली, तो गेला. शहर वसवण्याचं श्रेय मुलाला गेलं, आणि ते त्याचं आहेच. दख्खनी भाषेत गोड कविता करणारा तो सुलतान. आपलं शहर माणसांनी असं भरून जावं जसं पाणी माशांनी भरलेलं असतं, अशी प्रार्थना त्यानं देवाजवळ केली. ती फळली. पण मासे ज्या वाटेनं आले ती बापानं करून ठेवलेली होती.

सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच हिरेव्यापारी इथं आला. त्यानं लिहून ठेवलंय की भागनगरात शिरताना लागणारा हा दगडी पूल पॅरिसच्या पाँ नफपेक्षा फारसा कमी सुंदर नाही. त्या काळच्या पॅरिसकराच्या तोंडची ही मोठीच दाद. आता एक योग बघा. पाँ नफची कोनशिला राजा तिसरा हेन्री यानं बसवली ती ३१ मे १५७८ रोजी. म्हणजे हे दोन्ही पूल एकाच सालचे! तिकडचा धर्मयुद्धांमुळं रखडला आणि १६०७ ला पुरा झाला. पाँ नफ म्हणजे फ्रेंचमध्ये नवा पूल. पॅरिसमधला आज उभा असलेला सगळ्यात जुना पूल तोच, आणि त्याचं नाव अजून 'नवा'. इकडे आपला त्याच वयाचा पूल 'पुराना'.

हे 'पुराना' त्याला फार उशिरा चिकटलं. १८३१ साली चादरघाटला दुसरा पूल झाला, तोवर अडीचशे वर्षं शहराला हा एकच पूल होता. एकुलत्या एका पुलाला जुना म्हणायचं कारण नसतं. मग अफजल-उद-दौला निजामाच्या काळात अफजलगंजला पूल झाला, त्याला लोक नया पूल म्हणू लागले आणि नवा आल्याबरोबर हा जुना झाला. इब्राहिमचं नाव त्याच्या तलावाला आहे, गावाला आहे. पुलाला नाही.

आपल्याकडच्या बखरी या शहराला भागानगर म्हणतात आणि आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत मराठवाड्यात हेच नाव तोंडात होतं. १९३८-३९ चा निजामाविरुद्धचा सत्याग्रहसुद्धा 'भागानगरचा'. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा आधी इथं आले. तानाशहा म्हणजे तेव्हाचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा आणि त्याचे कारभारी मादण्णा, आकण्णा यांच्या भेटी झाल्या, शहर शृंगारलं होतं. दहा वर्षांनी औरंगजेबानं गोवळकोंडा आठ महिने वेढून घेतला आणि कुतुबशाही संपली. पूल तसाच राहिला. राज्यं बदलली तरी नदी ओलांडायचीच असते.

आता पूर. हैदराबादेत त्याला 'तुग्यानी' म्हणतात, आणि एकच तुग्यानी आहे, २८ सप्टेंबर १९०८ ची. सोमवार होता. घटस्थापना होऊन दोन दिवस झाले होते आणि रमजानही नुकताच लागला होता. आमच्या पणजी तेव्हा नऊ वर्षांच्या. आजीनं ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं, मी आजीच्या. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे गल्लीत पाणी आलं ते पावसाचं नव्हतं, गढूळ होतं आणि त्याला मातीचा वास होता. पणजींच्या वडिलांनी आधी घट उचलला, परडीसकट, आणि माळवदावर नेला. मग मुलांना. त्या म्हणायच्या, घटातलं धान्य तेव्हा नुकतं कोंभ धरत होतं आणि वरून पाऊस पडत होता म्हणून आईनं त्यावर परात धरली होती. खालून काय काय वाहत गेलं ते त्या सांगायच्या नाहीत. छपरं, म्हशी, पलंग एवढंच सांगायच्या आणि थांबायच्या.

मुसीच्या वरच्या खोऱ्यातले दोनशेहून जास्त तलाव एकामागून एक फुटले होते आणि ते सगळं पाणी एकदम शहरात शिरलं. सुमारे पंधरा हजार माणसं गेली असं मानतात. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर दीडशे माणसं चढून वाचली. ते झाड अजून आहे. रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्या पाण्यात गेली, ते एकटे उरले. सहावे निजाम महबूब अली खान नदीकाठी आले, ब्राह्मणांच्या सांगण्यावरून त्यांनी मुसीची ओटी भरली, आरती केली, असं सगळं शहर सांगतं. आमच्या घरातही सांगत आणि सांगताना त्या निजामाविषयी आवाजात माया असायची.

त्या दिवशी अफजलगंजचा नया पूल गेला, मुस्लिम जंगचा पूल गेला, चादरघाटचा गेला. शहराचे दोन तुकडे झाले. दोन्हींना जोडणारा एकच दुवा उरला, तीनशे तीस वर्षांचा थोरला. मार त्यालाही बसला, डागडुजी करावी लागली. त्याआधीही १८२० च्या सुमारास सिकंदरजाह निजामाच्या काळात त्याची दुरुस्ती झालेली होती. पण तो उभा होता आणि त्याच्यावरून माणसं आपापली माणसं शोधायला अल्याड-पल्याड जात होती. पणजींचा थोरला भाऊ पल्याड मावशीकडे गेलेला होता. तो पाचव्या दिवशी या पुलावरून चालत घरी आला. आजीच्या 'थोरला' या शब्दात काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. विश्वेश्वरय्या आले, त्यांनी खोऱ्याची पाहणी करून वरच्या अंगाला पाणी अडवण्याचा सल्ला दिला. १९२० मध्ये उस्मानसागर झाला, १९२७ मध्ये हिमायतसागर. शहराला प्यायला पाणी मिळालं, पुराची भीती गेली. नदीही गेली. आज पुलाखालून वाहतं ते बहुतेक शहराचं सांडपाणी. ज्या नदीसाठी एवढे दगड उभे केले तिला दोन-तीन कमानीही पुरून उरतात, बाकीच्यांत गवत, चिखल, कचरा. २०२० च्या ऑक्टोबरात पाऊस झाला तेव्हा मात्र हिमायतसागरचे दरवाजे उघडले आणि मुसीनं आपलं जुनं पात्र पुन्हा मागितलं. टीव्हीवर ते पाणी बघताना मला पहिल्यांदा आठवला तो पुलाच्या खांबावर ठेवलेला मामांचा तळहात.

मला या पुलाची काळजी वाटते ती पुरामुळं नाही. सांध्यांतून पिंपळ उगवतात, त्यांची मुळं चुन्यात शिरतात, पाचरी सैल करतात. कुणी घाईनं सिमेंट थापलं तर ते आतल्या चुन्याला श्वास घेऊ देत नाही, ओल आत कोंडते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. चुन्याला चुनाच लागतो, आणि चुना मळणारे गवंडी अजून आहेत. मला वाटतं, एवढं तरी या पुलाला मिळायला हवं.

थोरल्याच्या शेजारी आणखी एक पूल झाल्यापासून जड गाड्या तिकडून जातात. थोरल्यावर आता भाजीबाजार भरतो. पुष्कळ जण यावर नाराज असतात. मी नाही. तांडे जायचे, पालख्या जायच्या, आता भेंडी, दोडकी, गोंगुरा. तो रिकामा, कुंपण घालून, पाटी लावून ठेवलेला मला बघवला नसता. फक्त भाजीचा पाला कमानीत फेकू नये, एवढंच म्हणणं.

मागच्या श्रावणात सकाळी लवकर गेले होते. पाऊस भुरभुरत होता. कठड्याला टेकून एक म्हातारी बसते, तिच्याकडे मी नेहमी पालेभाजी घेते. तिनं डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली होती आणि तराजूचं पारडं कठड्याच्या दगडावर टेकवलं होतं. तो दगड मधोमध गुळगुळीत झालेला आहे, उखळीसारखा नाही, पण हाताला खोलगट लागतो. किती पारडी, किती कोपरं, किती टोपल्या टेकल्या असतील तिथं.

"अम्मा, ये पुल किसने बांध्या मालूम?" मी विचारलं.

"निजाम साब," ती लगेच म्हणाली. इथं जुनं ते सगळं निजाम साहेबांचं.

"निजाम के भी पहले. इब्राहिम बोल के बादशा था."

तिनं जुडीची मुळं झटकली, माती कठड्यावरून खाली पडली. "इब्राहिम," ती स्वतःशी म्हणाली. मग शेजारच्या कांदेवाल्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "सुन्या रे? इब्राहिम साब का पुल है कते ये."

तो म्हणाला, "हौ?" आणि पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवली.

तिनं माझ्या पिशवीत दोन जुड्या घातल्या आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली, न विचारता. मी पैसे दिले. पलीकडच्या पुलावरून बस गेली, पावसाचा जोर वाढला, आणि ती टोपलीवर गोणपाट ओढू लागली.